तिसऱ्या रांगेतले ओठ

माझ्या भावाला स्वतःचं नाव सांगता येत नाही. म्हणजे ते त्याला ठाऊक आहे, लिहिता येतं, कुणी हाक मारली की मान वळते. पण 'आपलं नाव काय?' असं कुणी विचारलं की पहिल्याच अक्षरावर त्याचे ओठ एकमेकांना चिकटतात ते सुटता सुटत नाहीत. आईवडिलांनी हौसेनं 'प'वरून नाव ठेवलं. पोराचं आणि 'प'चं असं उभं वैर निघणार आहे हे त्यांना तरी काय माहीत!

मी त्याच्या पाठची. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. माझा आवाज भोंग्यातून सगळ्या फलाटांवर जातो, आणि भोंगा बंद असला तरी जातो असं आमचे साहेब म्हणतात. एकाच घरात अशी दोन टोकं कशी जन्माला आली याचं लोकांना भारी नवल. त्यात नवल काही नाही. त्याच्या वाट्याचं बोलणंही मीच उचलून आणलं.

दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. बोलल्यावाचून भागेल असाच धंदा त्यानं बरोबर हुडकून काढला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, अलीकडे उंच खुर्ची. गिऱ्हाईक बसलं की दादा त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवतो, एक काच घालतो, काढतो, दुसरी घालतो आणि भुवया उंचावतो. म्हणजे, ही बरी की आधीची? बोलायचं ते गिऱ्हाइकानं. मग मागच्या टेबलावर काच घासून फ्रेममध्ये बसवायची, काडी गरम हवेवर धरून मऊ करायची, वाकवायची, माणसाच्या कानामागे नीट टेकते का ते बोटानं चाचपायचं. हात असा हलका की म्हातारी माणसं खुर्चीतच पेंगतात. बाजारात त्याला अबोलशेठ म्हणतात. कुणी वाकड्यात म्हणत नाही, पण म्हणतात खरं.

'प' आला की तो वळसा घालतो. 'पाणी दे' म्हणत नाही, 'तहान लागलीय' म्हणतो. एकदा त्याला जायचं होतं त्या गावाचं नाव नेमकं 'प'वरून, तर गड्यानं पुढच्या गावाचं तिकीट काढलं आणि मधेच उतरला. आणि जिथे वळसा घालता येत नाही तिथे आम्ही आहोतच. तो सुरुवात करतो, अडतो, त्याच्या गळ्याची शीर फुगते, डोळे मिटतात, आणि समोरच्याला ते बघवत नाही. मग समोरचा घाईघाईनं त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. आई करायची, मी करते, वहिनी करते, रंगारीसुद्धा करतो. दुकानाच्या भिंतींना कुठला रंग देऊ असं रंगाऱ्यानं विचारलं तेव्हा दादाला पांढरा हवा होता. तो 'प… प…' करत राहिला. रंगारी म्हणाला, "पिवळा ना? कळलं." दादानं मान हलवली. भिंती अजून पिवळ्या आहेत. अगदी हळदीसारख्या.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, असं आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. दादाही हसायचा. पण मी शाळेत त्याच्या मागच्या वर्गात होते, आणि एकदा सगळ्या शाळेसमोर त्याला बक्षीस घ्यायला बोलावून मुख्याध्यापकांनी नाव विचारलं होतं, तेव्हा मी खाली रांगेत उभी होते. तो वर किती वेळ उभा होता ते मी मोजलं नाही. त्याचे कान लाल झाले होते आणि पायमोजा घसरला होता, एवढं आठवतं. त्यानंतर माझा भाऊ कुठल्याही चौथऱ्यावर चढला नाही.

साळू जन्मली तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. पोर टपोऱ्या डोळ्यांची, दिवसभर साळुंकीसारखी कलकल करणारी, म्हणून साळू. नाव ठेवतानाही त्यानं 'स' निवडला, कारण 'स' त्याच्या जिभेवरून घसरत जातो. आणि ती पाळण्यात असतानाच आमच्या आईनं, देव तिचं भलं करो, एक वाक्य टाकलं. "पोरं ऐकतात तसंच बोलतात रे. तिच्यापुढे जरा जपून."

झालं. दादानं ते असं मनाला लावून घेतलं की पोरीसमोर तोंडातून आवाज काढणंच सोडलं. त्याच्या मनात एकच भीती घर करून बसली, की आपलं हे दुखणं हिला लागेल. असं काही ऐकून लागत नसतं, हे पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं, मी त्याला सांगितलं, त्यानं मान हलवली आणि तोंड मिटूनच ठेवलं. भीतीला डॉक्टरचं काय पडलंय!

पण बाप होता, लेकीशी बोलल्यावाचून कसा राहणार? तो नुसते ओठ हलवायचा. बिनआवाजाचं बोलायचा. आणि गंमत अशी की आवाज नसला की त्याचे ओठ कुठेच अडत नाहीत. 'प' असो, 'क' असो, सगळं कसं लोण्यासारखं. मी स्वतः बघितलंय, खिडकीशी तिला मांडीवर घेऊन तो एक लांबलचक गोष्ट सांगत होता आणि खोलीत चिडीचूप. पोर त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती आणि योग्य जागी खिदळत होती.

साळू बोलायला लागली ती खणखणीत. तरी दादाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती बोलता बोलता नुसती खडीसाखर चघळायला थांबली तरी ह्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. अडली का? आलं का ते? तिनं पुढचा शब्द उच्चारेपर्यंत ह्याचा श्वास वर. असं एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. वहिनी वैतागून मला म्हणायची, "तुमच्या भावाला समजवा हो. पोरीनं आवंढा गिळला तरी ह्यांच्या पोटात गोळा येतो."

थोडी मोठी झाल्यावर साळू शाळा सुटली की दुकानात येऊन बसायला लागली. दादा ओठ हलवायचा, ती मोठ्यानं सांगायची. "आजोबा, बाबा म्हणतात आता खालची ओळ वाचा." गिऱ्हाइकाकडे बघून त्यानं नुसते ओठ उघडले की ती वाक्य उचलून पुरं करायची, आमच्या सगळ्यांपेक्षा अचूक. तिच्या कारकिर्दीत एकही भिंत चुकीची रंगली नाही.

ती नववीत गेली आणि शाळेत वक्तृत्व स्पर्धेची सूचना लागली. विषय होता 'रस्ता सर्वांचा'. भाषेच्या बाईंनी तिचं नाव घातलं. ती आनंदानं नाचत दुकानात आली. मी त्या दिवशी चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला तिथेच बसले होते. दादाच्या हातात बारीक पेचकस होता, तो काचेवर घसरला. नवी कोरी काच, तिच्यावर चरा.

"जाऊ दे की तिला," मी म्हटलं. "तिची जीभ माझ्यावर गेलीय, तुझ्यावर नाही."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. मला गिळायला लागलं, म्हणजे बघा.

त्याच्या मनात काय होतं ते मला लख्ख दिसत होतं. घरात, दुकानात, ओळखीच्या माणसांत पोर बोलते. पण हे दुखणं दबा धरून बसलेलं असेल तर? ते बाहेर यायला एक चौथरा आणि समोर माणसं हवी असतील तर? त्याला स्वतःला ज्या दिवशी चौथऱ्यावर उभं केलं त्याच दिवसापासून ते कायमचं मागे लागलं, असं तो धरून चालला होता. आता लेकीला त्याच पायऱ्या चढायच्या होत्या.

नाही म्हणायलाही त्याला बोलावं लागलं असतं. तो गप्प बसला आणि साळूनं तो होकार धरला.

बाईंनी भाषण लिहून दिलं. ते पाठ करायचं, हातवाऱ्यांसकट. चार मिनिटांना एक घंटा, पाचाला दोन, त्याउपर बोललं की गुण जातात. सराव दुकानात चालायचा, गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या उभ्या आरशासमोर. साळू आरशात बघून बोलायची, दादा तिच्यामागे उभा राहून ओठ हलवायचा. तिच्याआधी त्याचंच पाठ झालं. ती कुठे घसरली की आरशात त्याचे ओठ बघायची आणि पुढची कडी पकडायची.

तेवढ्यावर थांबला असता तर मी त्याला शहाणा म्हटलं असतं. पण त्यानं भाषणातले 'प' वेचायला घेतले. तांदळातले खडे वेचावेत तसे. 'पादचारी' काढला, 'पथिक' काढला, 'पूल' काढला. जिथे जिथे वाक्याच्या तोंडाशी 'प' होता तिथे दुसरा शब्द चिकटवला. शेवटच्या भागाची सुरुवात बाईंनी मोठी झोकात केली होती, 'पायी चालणाऱ्याला रस्त्यावर शेवटची नव्हे, पहिली जागा हवी.' दादानं त्याचं केलं, 'जो चालत जातो, त्याला रस्त्यावर आधी जागा हवी.' साळूनं तसं पाठ केलं. शाळेत बाई म्हणाल्या, "हे कुणी बदललं? माझं वाक्य ठणकलं पाहिजे." पुन्हा 'पायी' आलं. घरी आल्यावर पुन्हा 'जो चालत' झालं. त्या एका वाक्याची अशी दोन्हीकडून ओढाताण चालली होती. शेवटी बाईंनी बजावलं की माझंच वाक्य म्हणायचं, आणि दादाची सगळी भीती त्या एका ओळीत जाऊन बसली.

शाळेतली फेरी शाळेच्याच सभागृहात झाली. दोन्हीकडे मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. दादा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मी शेजारी. साळू उभी राहिली, नमस्कार केला आणि जी सुटली ती एकदम शेवटच्या 'धन्यवाद'वरच थांबली. 'पायी चालणाऱ्याला' आलं तेव्हा दादानं माझं मनगट धरलं होतं. संध्याकाळी मनगटावर बोटं उमटलेली दिसली. लोक म्हणाले, काय आत्मविश्वास! नजर कशी एका जागी स्थिर! मला त्या नजरेचा पत्ता माहीत होता. ती बापाच्या ओठांवर होती. पोर पाठांतरातून बोलत नव्हती, ती वाचत होती.

सभेतून कुणी शब्द सुचवला तर स्पर्धक बाद, असा नियम सुरुवातीलाच वाचून दाखवतात. मी मनाशी वाद घातला. शब्द सुचवला तर! इथे शब्द कुठे आहे? बिनआवाजाच्या शब्दाला शब्द म्हणायचं का, हे वकिलांनी ठरवावं. विभागाच्या फेरीतही असंच झालं, तसाच खिडक्यांचा हॉल, तीच तिसरी रांग. साळू अंतिम फेरीत गेली.

अंतिम फेरी शहरातल्या नाट्यगृहात होती. मी रजा टाकली. वहिनी आलीच नाही. "मी दुकान बघते," म्हणाली, "मला तिथे बसवणार नाही. झालं की फोन करा, आणि वाईट असेल तर हळू सांगा." हळू सांगणं आणि मी!

आत शिरलो तेव्हा सगळे दिवे लागलेले होते. दादानं तिसरी रांग गाठली, कडेची खुर्ची पकडली, तिच्यावरून हात फिरवून बघितला. रंगमंचाच्या बाजूला साळू इतर मुलांबरोबर ओळीनं बसली होती. तिनं त्याला शोधलं, दोघांची नजरानजर झाली. तो ओठांनी म्हणाला, आहे मी. मलासुद्धा वाचता आलं.

मग पहिल्या स्पर्धकाचं नाव पुकारलं आणि हॉलमधले दिवे गेले.

बिघडले नव्हते, मुद्दाम घालवले होते. रंगमंचावर झगझगीत उजेड आणि आम्ही सगळे काळोखात. मोठ्या नाट्यगृहात असंच करतात, त्यात आक्रीत काही नाही. पण आम्हाला ते सुचलंच नव्हतं. दादा खुर्चीत अर्धा उठला. रंगमंचावरून खाली बघणाऱ्याला आता तिसरी रांग काय, पहिलीही दिसणार नव्हती.

"दिवे लावायला सांगू?" मी कुजबुजले. माझं कुजबुजणं चार रांगा मागे ऐकू गेलं. परीक्षकांतल्या एकानं वळून बघितलं. दादानं मानेनंच नको म्हटलं. कुणाला काय सांगणार होतो? की आमच्या पोरीला बापाचे ओठ दिसल्याशिवाय बोलता येत नाही?

साळूची पाळी शेवटाकडे होती. तोवर जी मुलं आली त्यांची भाषणं मला ऐकूच आली नाहीत, फक्त त्यांचे अपघात दिसले. एक उंच मुलगा बोलता बोलता सुरुवातीच्याच वाक्यावर पुन्हा आला, पुन्हा तसाच पुढे गेला, पुन्हा तिथेच आला. घाण्याला जुंपल्यासारखा फिरत राहिला आणि घंटा वाजली तेव्हाच सुटला. एक मुलगी टाळ्या वाजायच्या आतच रडायला लागली. दरवेळी कुणी थांबलं की शेजारून दादाचा श्वास बंद व्हायचा. मला वाटलं, साळूच्या आधी हाच कोसळतो.

साळू उभी राहिली. उजेडात फार लहान दिसत होती. तिनं नमस्कार केला आणि तिसऱ्या रांगेकडे बघितलं. तिला काही दिसलं नाही, हे मला तिच्या मानेवरून कळलं. पण सुरुवात चांगली झाली. आवाज थोडा चढा होता, एवढंच. दादाचे ओठ काळोखात हलत होते. कुणासाठी, देव जाणे. शाळेजवळच्या रस्त्याचं झालं, गाड्यांच्या घाईचं झालं, खड्ड्यांचं झालं, लोक हसले. चार मिनिटांची घंटा वाजली. आता शेवटचा भाग.

आणि साळू थांबली.

आधी वाटलं, परिणामासाठी थांबलीय. मग तसं वाटेना. तिचे ओठ किंचित उघडे होते, त्यातून काहीच येत नव्हतं. हात अर्धवट वर उचललेला, तो तसाच. मला भाषण पाठ होतं, इतक्यांदा ऐकलं होतं. पुढचा शब्द मला ठाऊक होता. दादालाही ठाऊक होता. पायी. 'प'.

मी दादाकडे बघितलं. रंगमंचाचा उजेड त्याच्या चष्म्यावर पडला होता, डोळे दिसत नव्हते. पण त्याच्या मनात काय चाललंय ते कळायला डोळे बघायची गरज नव्हती. आलं. इतकी वर्षं तोंड शिवून ज्याला दाराबाहेर ठेवलं ते आत आलं, आणि नेमकं इथे, सगळ्यांसमोर, त्याच अक्षरावर. आत्तापर्यंत मी त्याच्या भीतीची चेष्टा करत आले होते. त्या क्षणी ती भीती मला खरी वाटली. मागे कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "विसरली वाटतं." मला ओरडावंसं वाटलं, अहो, विसरली असती तर काय हवं होतं!

दादा उभा राहिला.

चाळिशीला बाप झालेला, पन्नाशी ओलांडलेला माझा भाऊ, जो दुकानात गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायचं तरी हातानं म्हणतो, तो भरल्या नाट्यगृहात उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं.

"प…" तो म्हणाला. "प… प… प…"

माना वळल्या. कुठेतरी पोरं फिसफिसली. परीक्षकांच्या टेबलावर कुजबूज झाली. दादाच्या गळ्याची शीर फुगली, डोळे मिटले, हनुवटी पुढे झेपावायला लागली. मला ते लहानपणापासून माहीत आहे, आणि लहानपणापासून बघवत नाही. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी घोषणा करणारी बाई, एका श्वासात अख्ख्या हॉलला ऐकवलं असतं. मी तोंड उघडलं.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि असा दाबला की मी गप्प झाले. डोळे मिटलेलेच होते, पण मी काय करणार हे त्याला बरोबर ठाऊक होतं. आयुष्यभर मी तेच तर करत आले होते.

वर साळूनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि काळोखात आवाजाच्या दिशेनं बघितलं. मी वाट बघत होते की आता ती उचलेल. दुकानात नेहमी करते तसं, बापाचं वाक्य त्याच्या ओठांवरून उचलून पुरं करेल. पण ती काही म्हणाली नाही. मान पुढे काढून, कान देऊन नुसती उभी राहिली.

"प… प…" दोन घंटा वाजल्या. वेळ संपली होती. घंटेशी बसलेल्या बाई पुन्हा वाजवायला गेल्या आणि त्यांचा हात तिथेच राहिला. आता कुणी हसत नव्हतं. सगळ्यांना नाइलाजानं थांबावं लागत होतं, आणि ते फार अवघड असतं. मी सांगते तुम्हाला, दुसऱ्याच्या वाक्यासाठी थांबणं हे गाडीसाठी थांबण्यापेक्षा अवघड असतं.

"पा… पायी," दादा म्हणाला. डोळे उघडले. "पायी चा… चालणाऱ्याला रस्त्यावर शे… शेवटची नव्हे, प…" पुन्हा अडला. पुन्हा सगळे थांबले. "प… पहिली जागा हवी."

साळूचा चेहरा उजळला. "पायी चालणाऱ्याला रस्त्यावर शेवटची नव्हे, पहिली जागा हवी!" ती खणखणीत म्हणाली, पहिल्याच फटक्यात, आणि उरलेलं भाषण कुठेही न अडखळता शेवटापर्यंत नेलं. घंटेच्या बाईंनी घंटा वाजवली नाही.

ती अर्थातच बाद झाली. मुख्य परीक्षकांनी सभ्यपणानं सांगितलं की सभेतून मदत झाल्यामुळे आणि वेळ ओलांडल्यामुळे या भाषणाला गुण देता येणार नाहीत. भाषेच्या बाईंनी कपाळाला हात लावला. आम्ही तिघं बाहेर पडलो.

नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर ऊन होतं. समोर बसथांबा. दादा पायरीवरच बसला. साळूचं तोंड एवढंसं झालं होतं. मला वाटलं आता ती बापावर चिडणार, चारचौघांत काय हे म्हणून.

दादानं तिचा हात धरला. नुसते ओठ हलवले नाहीत, आवाज काढला. "अ… अडलं होतं?"

"काय अडलं होतं?"

"ज… जीभ. 'प'वर."

"जीभ कशाला अडेल? विसरले मी, बाबा. त्या एका वाक्याचं तुम्ही आणि बाईंनी इतक्यांदा हे कर, ते कर केलंत की माझं ते धड पाठच झालं नाही. तिथे आलं की मी तुमच्याकडे बघायचे. आज तुम्ही दिसलाच नाहीत." तिचे डोळे भरले. "तुम्ही 'प' म्हणालात तरी आठवेना. म्हणून तर थांबले. मला ते तुमच्याकडूनच हवं होतं ना."

"वि… विसरलीस?" दादा म्हणाला.

"हो."

"नुसती विसरलीस?"

"नुसती काय, बाबा! अंतिम फेरीत विसरले! सगळ्यांसमोर!"

आणि माझा भाऊ हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. चष्मा काढला, पुसायला गेला, तर हातातून पडला. "वि… विसरली," तो मला सांगत होता, जसं काही मी तिथे नव्हतेच. "ऐकलंस? वि… विसरली फक्त!" जगात दुसरा कुणी बाप लेक भाषण विसरली म्हणून असा हरखला नसेल. साळू आधी रागावली, मग घाबरली, मग त्याच्याजवळ पायरीवर बसली.

"बाबा, काय झालं? आणि तुम्ही आज आवाजात बोलताय माझ्याशी?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्याशी आधी कधी का नाही असं बोललात? मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी आवाजात बोलायला आवडत नाही."

दादाचा चेहरा त्या वाक्यावर जो झाला तो मी सांगणार नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला सगळं माहीत होतं, पाळण्यापासूनचं. आईचं वाक्य, एकेक करून वेचलेले 'प', मिटलेलं तोंड. मी दोन मिनिटांत नीट, ठळक, कुणालाही कळेल असं सांगितलं असतं. आमची गाडीही समोर लागत होती, दार उघडत होतं.

"त्याचं क… कारण…" दादानं सुरुवात केली, आणि लगेच अडला.

मी तोंड मिटून घेतलं. गाडी गेली. पाठोपाठ दुसरी आली, तीही गेली. त्याला फार वेळ लागला. साळूनं एकही शब्द पुढे होऊन सांगितला नाही, आणि मीही नाही.